पाटीमागची नोंदवही

परवा शेजारच्या खाला घरी आल्या. मुलगी नीट परीक्षेची तयारी करते. महिनाभरापासून धड झोप नाही, जेवण नाही. दम केलेलं पाणी पाजून झालं होतं. आता कुणीतरी वर्ध्यातल्याच एका समुपदेशकाचं नाव सुचवलं होतं. खालांनी विचारलं, "बेटा, वो सचमुच का डॉक्टर है ना?"

मला उत्तर देता आलं नाही, कारण डोक्यात नागपूर आलं. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या एका मानसशास्त्रज्ञाला अटक झाली. मार्गदर्शन आणि शिबिरांच्या नावाखाली सुमारे पंधरा वर्षं विद्यार्थिनींचं लैंगिक शोषण केल्याचा आरोप त्याच्यावर आहे. पीडितांचा आकडा पन्नासच्या घरात सांगितला गेला. एका माजी विद्यार्थिनीने तोंड उघडलं तेव्हा प्रकरण बाहेर आलं. दोष न्यायालय ठरवेल. माझा प्रश्न एवढाच की, या पंधरा वर्षांत एखाद्या मुलीला पोलीस ठाण्याची पायरी न चढता तक्रार करायची असती, तर ती कुठे गेली असती?

मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएस झालेला डॉक्टर असतो. त्याची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करता येते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंद दिल्लीच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. १९९२ च्या कायद्याने गैरवर्तनाबद्दल त्याचं नाव नोंदवहीतून काढता येतं. पण 'समुपदेशक' अशी पाटी लावणाऱ्याचं नाव मुळात नोंदवहीतच नसेल, तर काढणार काय? अशांसाठी २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांचा राष्ट्रीय कायदा झाला. त्यात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक दोघेही येतात, राज्य परिषदांची तरतूदही आहे. पण खालांच्या मोहल्ल्यापर्यंत त्यातलं काही पोहोचलेलं नाही.

काहीजण म्हणतील, पोलीस आहेत ना! आहेत. पण प्रत्येक गैरवर्तन गुन्हा ठरत नाही. मुलीने विश्वासाने सांगितलेलं तिच्या आईबापांना परस्पर सांगणं, रात्री-अपरात्री मेसेज करणं, 'घरच्यांना कळू देऊ नकोस' म्हणत एकटीला बोलावणं. गोष्ट गुन्ह्यापर्यंत जाण्याआधी थांबवायची ती इथेच. आणि आपल्या घरांत मुलगी ठाण्यात गेली की चर्चा तिच्याच चारित्र्याची होते. म्हणून ती गप्प बसते.

आपल्याकडे अमानत हा शब्द मोठा आहे. सोनंनाणं ठेवायला दिलं तर आपण साक्षीदार बसवतो. मुलीचं मन ज्याच्या हाती देतो, त्याची साधी नोंदही विचारत नाही, कारण विचारणं बेअदबी वाटते. ही लाज आपण सोडली पाहिजे. आणि सरकारने प्रत्येक जिल्ह्यात नोंदणीकृत समुपदेशकांची यादी लावावी. तक्रार नाव गुप्त ठेवून घेतली जावी, ऐकणाऱ्यांत किमान एक बाई असावी, आणि चौकशी चालू असेपर्यंत त्या माणसाला अल्पवयीन मुलांपासून दूर ठेवावं.

खालांना मी घाबरवलं नाही. उपचार टाळणं हा उपाय नव्हे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे, तिथे आधी दाखवा म्हटलं. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांकही लिहून दिला. त्या समुपदेशकाकडे जायचंच असेल, तर शिक्षण काय, नोंदणी कुठली, हे आधी विचारा, असंही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "बुरा मान गया तो?"

मी म्हटलं, "तो फिर मत जाना."