यंत्र बसला बसवा

१५ ऑक्टोबरला, पांढऱ्या काठीच्या दिवशी, अंधांसाठी समारंभ होतात, काठ्या वाटल्या जातात. आता साध्या काठीच्या जागी ‘स्मार्ट’ काठी देण्याकडे दात्यांचा कल आहे. मी जन्मांध आहे, अशी काठी रोज वापरते, आणि तिच्याविषयी माझं मत चांगलं आहे.

आयआयटी दिल्लीत प्रा. एम. बालकृष्णन यांच्या चमूने केलेली स्मार्टकेन २०१४ मध्ये आली. घडीच्या पांढऱ्या काठीच्या मुठीवर एक यंत्र बसतं. वटवाघळासारख्या, माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी ते सोडतं आणि परतलेल्या लहरींवरून तीन मीटरपर्यंतचा अडथळा ओळखतं. अडथळा जवळ येईल तशी मुठीतली थरथर बदलते. साधी काठी जमिनीवरचं सांगते, गुडघ्याच्या वरचं तिला कळत नाही. टेम्पोचा उघडा फाळका, भिंतीतून पुढे आलेला एसीचा डबा, रस्त्यावर झुकलेली फांदी : आमच्या कपाळावरच्या खोका बहुतेक यांच्याच. अशा फाळक्यापासून या मुठीने मला वाचवलं आहे.

पण खड्डा, उघडं गटार, फुटपाथची कड ओळखणं अजूनही काठीच्या टोकाचंच काम. आणि मुलुंड स्टेशनबाहेरच्या गर्दीत मूठ सारखीच थरथरत राहते. तिथे पल्ला कमी करायचा, कोणत्या थरथरीला थांबायचं आणि कोणती सोडून द्यायची, हे हाताला शिकवावं लागतं. मला ते एका मोबिलिटी शिक्षिकेने भर रस्त्यात सोबत चालून शिकवलं. समारंभातून काठी घेऊन परस्पर गावी गेलेल्याला कोण शिकवणार? माझ्या ओळखीच्या दोघांच्या काठ्या कपाटात पडून आहेत. एकाची चार्ज होत नाही आणि दुरुस्त कुठे करायची ते त्याला ठाऊक नाही. दुसरीला ती थरथर सहनच झाली नाही.

तरी माझं मुख्य म्हणणं पुढेच आहे. मला सर्वांत जास्त उपयोगी पडणारं यंत्र माझ्या हातात नसतंच. मुंबईच्या लोकल स्टेशनांत अपंगांचा डबा जिथे थांबतो तिथे फलाटावर बीप-बीप वाजणारं यंत्र लावलेलं असतं. त्या आवाजाशी जाऊन उभं राहायचं, डबा समोर येतो. चार्जिंग नको, शिकवणी नको, मोबाइल नको. ते बंद पडलं की मात्र ‘हँडिकॅप डबा कुठे येईल हो?’ असं विचारत फिरावं लागतं, आणि सकाळच्या घाईत थांबून सांगायला फार थोड्यांना वेळ असतो.

बसच्या बाबतीत तेवढंही नाही. किती मिनिटांत बस येणार हे मोबाइल बोलून सांगतो. पण स्टॉपवर एकामागे एक तीन गाड्या लागल्या की त्यांतली माझी कोणती आणि तिचं दार कुठे, ते कसं कळावं? इलेक्ट्रिक गाड्यांना तर इंजिनाची घरघरही नाही. यावरचा उपायही आयआयटी दिल्लीतच तयार झाला आहे. ‘ऑनबोर्ड’ त्याचं नाव. एक छोटं यंत्र प्रवाशाच्या हातात, दुसरं बसमध्ये. बटण दाबलं की जवळ आलेल्या गाड्यांचे नंबर ऐकू येतात. आपला नंबर निवडला की त्या बसच्या दाराजवळचा स्पीकर वाजतो. आवाजाच्या रोखाने चालत गेलं की दार सापडतं. दिल्लीत आणि मुंबईत बेस्टच्या काही गाड्यांवर त्याच्या चाचण्याही झाल्या. माझ्या स्टॉपवर मी अजून हात वर करून ‘कितवी आहे?’ म्हणून ओरडते, आणि कंडक्टरचं उत्तर येण्याआधी कधी कधी गाडी सुटलेली असते.

काठी दिली की आमची सोय झाली, असं अनेकांना मनापासून वाटतं. पण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बस, स्टेशन आणि रस्ता आमच्यासाठी सुगम्य करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे, आणि ती काठीवाटपाने फिटत नाही. म्हणून नव्या बसगाड्यांची निविदा निघेल तेव्हा दाराशी बोलणाऱ्या स्पीकरची अट तिच्यात घाला. फलाटावरचा बीप चालू आहे की नाही हे रोज कुणी बघायचं, ते प्रत्येक स्टेशनात ठरवून द्या. आणि काठ्यांसाठी पैसे मंजूर करताना मोबिलिटी शिकवणाऱ्यांचा पगार आणि दुरुस्तीचा खर्चही त्यातच धरा.