हिरवळीवरचा मांडव

कार्तिक द्वादशीच्या सायंकाळी तुळशीवृंदावनाभोवती उसाचा मांडव उभा राहतो, चिंचा-आवळ्यांचे डहाळे खोवले जातात, अंतरपाट धरला जातो आणि मंगलाष्टकांच्या अखेरीस घरातील मुले अक्षता उधळतात. गोमंतकीय हिंदू घरातील लग्नसराईचे पहिले लग्न हे असे उघड्या आकाशाखाली, अंगणात लागते. त्यानंतर माणसांच्या लग्नांना तोंड फुटते. गेल्या काही वर्षांत या लग्नांनीही अंगणाचीच वाट धरली आहे. मात्र हे अंगण आपल्या घरचे नव्हे. ते समुद्रकाठच्या हॉटेलाचे, टेकडीवरील बंगल्याचे किंवा भाड्याने घेतलेल्या हिरवळीचे असते. पांढऱ्या फुलांची कमान, झाडाझाडांतून सोडलेले बारीक दिवे, मावळतीच्या उन्हात हातात हात घालून येणारी वधूवरांची जोडी, आणि सूर्य बुडाल्यावर काळा कोट व काळा टाय यांचा स्वागतसमारंभ! त्यातही थट्टामस्करी हवी, म्हणून काळ्या सुटाखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, हिरवळीवर लहान मुलांचे खेळ आणि वधूवरांची फिरकी घेणारी भाषणे. निमंत्रणपत्रिकेवर पाहुण्यांनी काय परिधान करावे याची स्पष्ट आज्ञा असते. 'आपली उपस्थिती हाच आहेर' असे छापणारी पत्रिका आता 'आपला काळा कोट हाच प्रवेश' असे सुचवू लागली आहे.

या प्रकारावर नाक मुरडणे सोपे आहे, आणि आमच्या वयाच्या मंडळींना ते आवडतेही. तो मोह आम्ही टाळू इच्छितो. तरुणांच्या हौसेला नावे ठेवण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात घेणे इष्ट होय. पहिली अशी की, ज्या पोशाखाला आपण आज दिमाखाची परिसीमा समजतो तो मुळात सैलपणासाठी जन्मला. १८६५ साली लंडनच्या हेन्री पूल या शिंप्याने युवराज एडवर्ड यांच्यासाठी शेपटीच्या लांब कोटाऐवजी घरगुती भोजनास घालावयाचा आखूड कोट शिवला, असे त्या पेढीचा इतिहास सांगतो. लांब कोटाच्या जाचातून सुटण्यासाठी निघालेला हा कोट दमट हवेत, घामाने निथळत, मिरवण्याची वस्तू बनावा हा काळाचा विनोदच म्हणावयाचा! दुसरी गोष्ट अशी की, सूट, बँड आणि शुभचिंतनाचा पेला हे सारे गोव्यात परके नाही. साष्टी-बारदेशातील आमच्या ख्रिस्ती बांधवांनी ते पिढ्यान् पिढ्या आपलेसे केले आहे. आणि त्याच घरांतून लग्नाच्या आदल्या दिवशी वधूवरांना नारळाच्या रसाने न्हाऊ घालण्याची 'रोस' ही चालही तितक्याच निष्ठेने पाळली जाते. हळद आणि रोस यांचे नाते ओळखणाऱ्या समाजाने काळ्या टायचा बाऊ करण्याचे कारण नाही.

शिवाय, मोकळ्या जागेत, वाजतगाजत लग्न लावणे हा हक्क या भूमीत सर्वांना सर्वकाळ लाभलेला नव्हता, हे विसरता येणार नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले. त्यानंतरच्या काळात पोर्तुगीज अमलाखालील तिसवाडी, साष्टी व बारदेश या भागांत हिंदूंच्या विवाहविधींवर वेळोवेळी बंदी घालण्यात आली. ज्यांना शक्य होते त्यांनी खाडी ओलांडून, तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती नसलेल्या भागात कार्ये उरकली. इतरांनी बंद दाराआड. नवख्रिस्ती समाजाचीही सुटका नव्हती. १७३६ च्या जाहीरनाम्याने लग्नातील देशी वाद्ये, ओव्या, हळद-तेल अशा कितीतरी साध्या चालींवर निर्बंध घातले. इन्क्विझिशन कायमचे संपले ते १८१२ मध्ये. ज्यांच्या पूर्वजांनी दारे लावून मंगलाष्टके म्हटली, त्यांच्या वंशजांनी उघड्या हिरवळीवर लग्न लावावे यात आम्हाला आनंदच वाटला पाहिजे. म्हणूनच कोणाच्या हौसेवर सरकारी वा सामाजिक बंदी यावी, अशी मागणी आम्ही कदापि करणार नाही.

मग आमची तक्रार कोणती? ती एवढीच की, हा मांडव घालताना शेजाऱ्याला विचारले जात नाही. जुन्या मांडवाला पोफळीचे खांब वाड्यावरचे लोक आणून देत, माडाच्या झावळ्या तेच विणीत, आणि लग्न झाल्यावर पत्रावळी गोठ्यामागच्या खड्ड्यात जिरून जात. खर्च यजमानाचा असे, पण कार्य वाड्याचे असे. आजच्या हिरवळीवरील लग्नात वाडा कुंपणाबाहेर उभा असतो. त्याच्या वाट्याला येतो तो ढोलांचा दणदणाट, अडलेला रस्ता, टँकरची रांग आणि सकाळी ओहोळाच्या काठी पडलेला प्लॅस्टिकचा ढीग. ज्या गावात उन्हाळ्यात नळाची वाट पाहावी लागते, त्याच गावात एका संध्याकाळच्या छायाचित्रांसाठी गवत हिरवे ठेवण्यास पाणी मिळते, ही विषमता डोळ्यांत खुपणारी आहे.

ध्वनीपुरते बोलावयाचे तर कायदा पुरेसा स्पष्ट आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजविता येत नाही. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, पण वर्षातून १५ दिवसांहून अधिक नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये या तरतुदीवर शिक्कामोर्तब करताना ती सवलत सैलपणे वाटण्यास वाव ठेवलेला नाही. तरीही हणजूण-वागातोरच्या रहिवाशांना रात्रीच्या झोपेसाठी पुनःपुन्हा उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले आहे. किनाऱ्याचीही तीच कथा. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेने मांद्रे, मोरजी, आगोंद व गालजीबाग ही कासवांच्या विणीची ठिकाणे म्हणून संरक्षित ठरविली. कासवी वाळूत अंडी घालण्यास येते ते हिवाळ्याचे दिवस, म्हणजे नेमका लग्नसराईचाच हंगाम. अंड्यांतून बाहेर पडलेली पिले उजेडाच्या रोखाने सरकतात. किनाऱ्यालगत झगमगणारे दिवे त्यांना समुद्राऐवजी मांडवाकडे नेतात. वधूवरांना आशीर्वाद देण्यासाठी या निमंत्रितांची तरी गरज नसावी! आणि आतषबाजीविषयी काय लिहावे? डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइटक्लबच्या आगीत २५ जीव गेल्यानंतर, परवान्याचा कागद आणि पाण्याचा बंब हे समारंभाचे दुय्यम अंग आहे असे म्हणण्याची कोणाची छाती होऊ नये.

केंद्र सरकारने या व्यवसायास उघड प्रोत्साहन दिले आहे. परदेशात जाऊन लग्ने करणाऱ्या श्रीमंत कुटुंबांनी ती भारतातच करावीत, असे आवाहन पंतप्रधानांनी २६ नोव्हेंबर २०२३ च्या 'मन की बात'मध्ये केले होते. आवाहन रास्त आहे. आचारी, वाजंत्री, मांडववाले, मोटारवाले यांच्या घरी त्यातून चूल पेटते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु नियोजक परराज्यातला, आचारी परराज्यातला आणि फुलेही घाटावरून येणार असतील, तर गावाच्या पदरी काय पडले याचा हिशेब सरकारने मांडावयास नको काय? अबोलीचे वळेसर करणाऱ्या म्हार्दोळच्या वा पणजीच्या बाजारातील बाईला या हिरवळीवर जागा नसेल, तर हे लग्न 'गोव्यातले' ठरते ते केवळ पत्रिकेवर.

यजमानांस, विशेषतः आमच्या मध्यमवर्गीय वाचकांस, आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. हॉटेलमालकाच्या मुलीचे लग्न पाहून कारकुनाची मुलगी हिरवळ मागते, आणि बाप भविष्यनिर्वाह निधीला हात घालतो. ऋण काढून सण करणाऱ्याला आपल्या वाडवडिलांनी शहाणा म्हटलेले नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका निकालात असे बजावले की, हिंदू विवाह हा नाचगाण्याचा व खाण्यापिण्याचा प्रसंग नव्हे, तो संस्कार आहे. आणि योग्य ते विधी न होता नुसत्या दाखल्याने तो सिद्ध होत नाही. गोव्यात तर आपला स्वतंत्र नागरी कायदा आहे. नागरी निबंधकापुढे मनोदय नोंदवावा लागतो आणि मुदतीनंतर पुन्हा जाऊन सही करावी लागते. त्या रुक्ष कचेरीतील सहीने, वेगळा करार केलेला नसल्यास, पतिपत्नी परस्परांच्या संपत्तीचे समान भागीदार होतात. मुलीच्या भवितव्याची खरी तरतूद त्या सहीत आहे. फुलांच्या कमानीखाली काढलेल्या हजार छायाचित्रांत ती नाही. ज्या घरात कमानीवर महिनाभर खल होतो आणि संपत्तीच्या करारावर एक संध्याकाळही चर्चा होत नाही, त्या घराने आपला अग्रक्रम तपासून पाहावा.

उपाय अवघड नाहीत. मोकळ्या जागेतील प्रत्येक समारंभाचे परवाने, वेळ आणि जबाबदार व्यक्तीचे नाव पंचायतीच्या फलकावर आठवडाभर आधी लागावे. ध्वनिमापक यंत्र पोलिसांच्या कपाटात न राहता समारंभस्थळी असावे. कचऱ्यासाठी अनामत घेतली जावी, आणि जागा स्वच्छ दिसल्यावरच ती परत मिळावी. टँकरचे पाणी कोणत्या विहिरीतून आले याची नोंद व्हावी. विणीच्या किनाऱ्यांवर प्रखर दिवे व आतषबाजी यांना कोणाच्याही शिफारशीने सूट मिळू नये. आणि हे नियम दिल्ली-मुंबईच्या धनिकांना लावताना आमच्या जत्रा, वाढदिवस व राजकीय मेळावे यांनाही लागले पाहिजेत. स्वतःच्या देवळावरील कर्णा रात्री अकरापर्यंत चालू ठेवून शेजारच्या हिरवळीविरुद्ध तक्रार करण्याचा नैतिक अधिकार आम्हाला राहत नाही.

काळा टाय घाला, पांढरे बूट घाला, हवे तर हिरवळीवर गोट्या खेळा. लग्नात हसू नये असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? मात्र कुंपणापलीकडे एखादी म्हातारी झोपेची वाट पाहत आहे आणि एखाद्या मुलाची उद्या परीक्षा आहे, एवढे भान असावे. तुळशीच्या लग्नाला शेजारची मुले न बोलावता येतात आणि चुरमुरे-ऊस घेऊन हसत घरी जातात. हिरवळीवरच्या लग्नातून शेजारी निदान शिव्या न देता झोपी जावेत, इतकी माफक अपेक्षा गावाने धरली तर ती जास्त आहे, असे आम्हास वाटत नाही.