पटाच्या आडून शाळांचा वध

कोकणच्या किनाऱ्यावरील जिल्हा परिषदेच्या मराठी शाळा पटाअभावी मरत आहेत, असे सरकार सांगते. हे धादांत खोटे आहे. त्या मारल्या जात आहेत, आणि मारणाऱ्यांच्या सह्या शासन निर्णयांखाली आहेत.

२१ सप्टेंबर २०२३ रोजी शिक्षण आयुक्तालयाने कमी पटाच्या शाळांऐवजी ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागवले. वीसपेक्षा कमी पटाच्या अशा शाळा राज्यात १४,७८३. त्यांत शिकणारी मुले १ लाख ८५ हजारांवर. लोक खवळले, तेव्हा शाळा बंद करण्याचा विचार नाही, असा खुलासा झाला. मग आला १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवणारा, निर्णय: सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसहून कमी मुले असतील, तर शिक्षक शून्य! कुलूप लावल्याचे पाप माथी नको म्हणून आधी शिक्षक काढून घ्यायचा, शिक्षकावाचून मुले पांगली की पट घसरल्याची नोंद करायची, आणि त्याच नोंदीचा दाखला देऊन शाळेचे दप्तर कायमचे मिटायचे. हा ठरवून केलेला घात आहे.

आणि कायदा काय सांगतो? २००९ चा शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि सहावी ते आठवीच्या प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक द्या, असे बजावतो. याच राज्याच्या नियमांत प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, असे लिहिले आहे. मंत्रालयात बसून नकाशावर पट्टी फिरवणाऱ्यांनी एकदा आषाढात इकडे यावे. बाणकोट, दाभोळ, जयगडच्या खाड्या आजही फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. सड्यावरची वाडी आणि बंदरावरची वाडी यांच्यामध्ये घाटी आहे, फुगलेला पऱ्या आहे, शेवाळलेला साकव आहे. बाप होडीवर आणि आई मासळीबाजारात गेलेली असते. अशा वेळी सहा वर्षांच्या पोरीचे दप्तर कोणी धरायचे आणि पोरीचा हात कोणी धरायचा, याचे उत्तर एकाही शासन निर्णयात नाही. १८७५ मध्ये मुरुडचा धोंडो केशव कर्वे परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत पायी गेला आणि वय लहान दिसते म्हणून परत पाठवला गेला. ते राज्य परक्यांचे होते. आज कोकणच्या पोरांना शिक्षणासाठी वणवण करायला लावणारे राज्य आपले म्हणवते!

यामागे हेतू काय? मुलांचे हित म्हणावे, तर गेली कित्येक वर्षे किनाऱ्यावरच्या शाळांतील शिक्षकांची रिक्त पदे मुकाट्याने कुजू दिली नसती. हेतू आहे पगाराचे पैसे वाचवण्याचा आणि जबाबदारी झटकण्याचा. समूह शाळांच्या पत्राआधी तीनच दिवस ‘दत्तक शाळा’ योजना निघाली, ज्यात देणगीदाराला शाळेच्या नावापुढे आपले नाव लावता येते. या शाळांसाठी गावकऱ्यांनी जमिनी दिल्या, वाडीने श्रमदान केले, मुंबईच्या चाळीत दहा जणांत एका खोलीत राहणाऱ्या चाकरमान्यांनी मंडळाच्या वर्गणीतून कौले घातली. त्यांच्यापैकी कोणीही भिंतीवर आपले नाव मागितले नाही. ज्यांनी एक वीटही रचली नाही, ते आता पाटीचा सौदा करणार?

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा हीच मंडळी फेटे बांधून ढोल बडवत होती. ज्या वाडीत मराठीचा पहिला धडा गिरवला जातो, तिथला मास्तर काढून घेणाऱ्यांना त्या गौरवात उभे राहण्याचा अधिकार नाही. मराठीशी हा द्रोह आहे.

संचमान्यतेचा तो निर्णय विनाअट रद्द करा, रिक्त जागा कायम शिक्षकांनी भरा, आणि कायद्याने देणे असलेला दुसरा शिक्षक प्रत्येक शाळेला द्या. तोवर किनाऱ्यावरची एकही वाडी आपल्या शाळेची किल्ली कोणा साहेबाच्या हाती देणार नाही.