ओसरीवरचे नाटक आणि बदाम सात

गेल्या काही आठवड्यांत रहिमतपुरातील आमच्या ओसरीवर ज्येष्ठांसमवेत जी पुस्तके वाचली आणि जे बैठे खेळ खेळून पाहिले, त्यांविषयीचे मत येथे भीडभाड न ठेवता मांडत आहे. कसोटी एकच ठेवली होती: त्या तासाभरात वृद्ध व्यक्तीला बोलायला जागा मिळाली, की तिची परीक्षा घेतली गेली?

पहिले पुस्तक गावाच्या अभिमानापोटी निवडले. नाटककार वसंत कानेटकर यांचा जन्म याच रहिमतपूरचा. त्यांचे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ १९६२ मध्ये रंगभूमीवर आले आणि काशिनाथ घाणेकरांचा संभाजी आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे अद्याप उभा असेल. हे नाटक एकाने वाचून दाखवू नये, पात्रे वाटून घ्यावीत. भाषा भारदस्त आहे, वाक्ये दमछाक करणारी आहेत; ज्यांना धाप लागते त्यांना मोठी भाषणे देऊ नयेत, आणि एका बैठकीत एक प्रवेश पुरे.

आम्ही भूमिकांची वाटणी मुद्दाम उलटी केली. शेजारच्या घरातील वडिलांकडे संभाजी आणि त्यांच्या मुलाकडे शिवाजी महाराज. एरवी या दोघांचे बोलणे ‘गोळी घेतली का?’ यापलीकडे क्वचितच जाई. एका प्रवेशानंतर वडिलांनी पुस्तक मिटले आणि विकलेल्या शेतीचा विषय काढला. तीस वर्षांत तो निघाला नव्हता. आम्ही बाकीचे चहाच्या निमित्ताने आत गेलो. त्या दिवशी पुढचा प्रवेश झाला नाही.

चिं. वि. जोशींचे चिमणराव नातवंडांना पूर्वीइतके हसवत नाहीत, हे मान्य करावे लागेल. अनेक संदर्भ त्यांना समजावून सांगावे लागतात. मात्र समजावण्याचे काम आजी-आजोबांकडे येते, म्हणून हे पुस्तक मी आनंदाने ठेवीन. ‘नटसम्राट’ वृद्धांपुढे वाचू नये, असे आपण सांभाळणारे मानतो. निदान आमच्या ओसरीवर ज्येष्ठांनी ते स्वतःहून मागितले. अवघडलो ते आम्हीच.

आता खेळ. ताटात दहा वस्तू मांडायच्या, झाकायच्या आणि आठवून सांगायला लावायच्या, हा ‘स्मरणशक्तीचा खेळ’ मला मुळीच आवडला नाही. ज्याची स्मृती उणावत आहे, त्याला ते चारचौघांत जाणवून देण्यात कसली करमणूक? त्याउलट गाण्यांच्या भेंड्या लावाव्यात. स्मृतिभ्रंशातही जुनी गाणी पुष्कळदा शाबूत राहतात. नातवाचे नाव न आठवणारी आजी संपूर्ण कडवे म्हणते, हे अनेक घरांनी अनुभवले आहे.

हाउजी गोंगाटाची. वयोमानाने बहुधा आधी वरच्या पट्टीतले ध्वनी क्षीण होतात, आणि स, श, फ ही अक्षरे पुसट ऐकू येतात. मग ‘सदुसष्ट’ आणि ‘अडुसष्ट’ यांत फरक तो काय उरणार? आकडा पुकारणाऱ्याने उजेडाकडे तोंड करून बसावे आणि प्रत्येक आकडा पाटीवर ठळक लिहावा. एवढे केले तर खेळ चालतो. माझे मन मात्र त्यात फारसे रमले नाही.

पत्त्यांत मेंढीकोट जुन्या खेळाडूंनाच द्यावा, कारण पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात. सर्वांसाठी बदाम सात उत्तम, कारण त्यात डाव समोर उघडा मांडलेला असतो. चौघांत खेळताना प्रत्येकाकडे तेरा पाने येतात आणि संधिवाताच्या बोटांना ती पेलत नाहीत. त्यासाठी कपडे घासण्याचा नवा ब्रश उताणा ठेवून त्याच्या केसांत पत्ते उभे खोवावेत. पाहुण्यांना हसू येईल, येऊ द्यावे.

मूकाभिनयाने चित्रपट ओळखण्याचा खेळ ऐकू न येणाऱ्यांना विशेष भावला. चित्रपट मात्र त्यांच्या काळचे हवेत. ‘सांगत्ये ऐका’साठी एका आजींनी केवळ कानाकडे बोट नेले आणि डाव जिंकला. अभिनय बसूनच करावा. एकदम उठल्याने चक्कर येते. आणि शेंगदाणे, चिवडा खेळताना पुढ्यात ठेवू नयेत. हसता हसता घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो, विशेषतः अर्धांगवायू किंवा कंपवात असलेल्यांना. खाणे खेळ संपल्यावर, ताठ बसवून, सावकाश द्यावे.