शांतता हवीय कुणाला?

कॉलेजजवळ रूम शोधताय? डिपॉझिटचा आकडा ऐकून पोटात गोळा आलाय? मग नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर शहरातली ही गंमत ऐका. तिथल्या ‘ह्युमॅनिटास’ वृद्धाश्रमात काही विद्यार्थी फुकट राहतात. बदल्यात महिन्याला ३० तास चांगलं शेजारी व्हायचं, बस्स. शुश्रूषा स्टाफ करतो. यांनी सोबत जेवायचं, मॅच बघायची, मोबाइल शिकवायचा. काल रात्री कोण किती वाजता उगवलं, यावर मग आजी-आजोबांच्या गप्पा रंगतात!

आपल्याकडच्या वृद्धाश्रमांच्या जाहिराती मात्र बघा: ‘शहराच्या गजबजाटापासून दूर, शांत, निसर्गरम्य.’ अरे, घर कधी शांत असतं का? कुकरच्या शिट्ट्या, दारावरची बेल, कुणाचं तरी ‘आलोच!’. माझी आजी संध्याकाळी मुद्दाम गॅलरीत बसते, रस्ता बघायला. तिला डोंगर दाखवून काय करू?

आर्किटेक्चरवाल्यांनो, वृद्धाश्रमाचं प्रोजेक्ट आलं तर रॅम्प, बाथरूममधले आधाराचे दांडे तुम्ही दाखवालच. पण जागा कॉलेजशेजारी धरा. स्वतःचा चहा स्वतः टाकता येईल असा बुटका ओटा द्या. आणि दोन-चार खोल्या आपल्यासाठी ठेवा.

राहाल ना तिथे?