चिठ्ठीत निघालेली जागा

लहानपणी केळशीच्या पुळणीवर आमच्या धावण्याच्या शर्यती व्हायच्या. गुरुजी वाळूत रेघ ओढत आणि प्रत्येकाची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवत. समुद्राकडची जागा निघाली की पोरगं आधीच हसायला लागे. ओहोटीनंतरची ओली वाळू फरशीसारखी घट्ट असते, सुरूच्या बनाकडची कोरडी वाळू मात्र पाय गिळते. माझ्या चुलतभावाला ओळीने दोन वर्षं बनाकडची जागा निघाली. दोन्ही वेळा तो शेवटचा आला. "हा काही पळायचा नाही," असा शिक्का बसला. तिसऱ्या वर्षी तो रेघेवर उभाच राहिला नाही.

चिठ्ठीत लबाडी नव्हती. तरीही त्याच्याबद्दलचा निकाल चुकलाच होता, असं मला आज वाटतं.

हे मला उमगलं ते चाचांमुळे. ते मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर साईस होते. आमच्या गावातही महालक्ष्मीचं जुनं देऊळ आहे, त्यामुळे "मी एका महालक्ष्मीहून दुसरीकडे गेलो," असं ते गमतीने म्हणत. शर्यतीचा विषय निघाला की घोड्याचं नाव विचारण्याआधी ते विचारायचे, "कितव्या गेटातून सुटला?"

रेसमध्ये कोणता घोडा कितव्या स्टॉलमधून सुटणार हे सोडतीने ठरतं. लांब शर्यतीत जॉकीला हळूहळू आत सरकायला वेळ मिळतो. हजार मीटरची शर्यत साधारण एका मिनिटात संपते, तिथे तो वेळच नसतो. वळणाचा हिशेब सोपा आहे. अर्धवर्तुळाच्या वळणावर आतल्या घोड्यापेक्षा ३ मीटर बाहेरून पळणाऱ्याला सुमारे साडेनऊ मीटर जास्त पळावं लागतं. वळण मोठं असो की लहान, हा आकडा तोच राहतो. एका घोड्याची लांबी अडीच मीटर धरली, तर जवळजवळ चार घोड्यांचं अंतर झालं. वेळेत मोजलं तर अर्ध्या सेकंदाहून जास्त. छोट्या शर्यतीचा निकाल पुष्कळदा याहून कमी फरकाने लागतो. इंग्लंडमधलं चेस्टरचं मैदान जेमतेम एका मैलाच्या घेराचं, जवळजवळ सगळं वळणाचंच. तिथल्या ५ फर्लांगांच्या शर्यतीत आतल्या नंबरांचा फायदा सर्वांना ठाऊक आहे.

माणसांच्या ४०० मीटर शर्यतीत बाहेरच्या धावपटूला पुढे उभं करून ही भरपाई करतात, कारण प्रत्येकजण आपल्याच पट्ट्यात पळतो. घोडे पट्ट्यात पळत नाहीत, म्हणून सगळ्यांना एकाच रेषेत उभं करतात.

पण आतली जागा म्हणजे विजय, असंही नाही. सुटायला मंद असलेला घोडा आतून निघाला तर रेलिंग आणि बाकीचे घोडे यांच्यात कोंडला जातो. सरळ मार्गावर तर वळणाचा प्रश्नच नसतो. तिथे जमीन बोलते: कुठली बाजू टापांनी उकरली गेली आहे, कुठे पाणी जास्त मुरलं आहे. म्हणजे पुन्हा आमची पुळणच. शिवाय ८ घोड्यांतला आठवा नंबर सगळ्यात बाहेरचा, पण १४ घोड्यांतला आठवा मधला. चार निकाल पाहून "अमुक नंबर लकी" म्हणणं हा अभ्यास नव्हे, अंधश्रद्धा आहे.

हे मी पैजेसाठी सांगत नाही. जुगार हराम आहे, त्यावर चर्चा नको. शर्यतीला मात्र आपल्या परंपरेत मान आहे. बुखारीत इब्ने उमर यांची हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदिनेत घोड्यांच्या शर्यती लावल्या. तयार केलेले घोडे हफयापासून सनियतुल विदापर्यंत पळाले. तयार न केलेले घोडे सनियतुल विदापासून बनू जुरैकच्या मशिदीपर्यंत. पहिलं अंतर पाच-सहा मैलांचं, दुसरं मैलभराचं. मला यात दिसतं ते असं, की कोण कुठून सुटणार याचा विचार शर्यतीच्या आधीच केला गेला होता. हरल्यावर कच्च्या घोड्याला दोष देण्याची वेळच येऊ दिली नाही.

आजच्या रेसमध्येही हॅन्डिकॅप असतो, चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादतात. म्हणजे ताकदीतला फरक मोजून भरून काढायचा, आणि जागेतला फरक नशिबावर सोडायचा. सोडत निःपक्षपाती असते, हे मान्य. पण निःपक्षपाती सोडतीने जागा सारख्या होत नाहीत. वाईट जागा कोणाच्या वाट्याला येणार, एवढंच ती ठरवते. म्हणून निकालात वेळेइतकाच ठळक स्टॉलचा नंबर छापावा आणि घोड्याची किंमत त्यासकट करावी, एवढं तरी आपण मागू शकतो.

गावात तर याहून जास्त करता येतं. गेल्या ईदनंतर पुळणीवर पोरांची शर्यत ठरली, तेव्हा मी ओहोटीची वेळ पाहून रेघ पूर्ण ओल्या वाळूत ओढायला सांगितली. भाऊ शेजारीच उभा होता, त्याचा मुलगा पळणार होता. एक बुजुर्ग म्हणाले, "चिठ्ठी टाका की, अल्लाह देईल ती जागा." मी म्हटलं, "चिठ्ठी टाकूच. पण आधी वाळू तर सारखी करू."

भाऊ काही बोलला नाही. त्याने काठी घेतली आणि रेघ आणखी दहा पावलं समुद्राकडे सरकवली.