विज्ञान शिकवणारे विज्ञान शेवटचे कधी शिकले?

दहावीनंतर कला शाखा, बारावीनंतर अध्यापक विद्यालय, दोन वर्षांनी पदविका, मग टीईटी, अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टल आणि शेवटी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीचा वर्ग. हा प्रवास पूर्णपणे नियमात बसतो आणि महाराष्ट्रातले कितीतरी गुणी शिक्षक याच वाटेने आले आहेत. पण या वाटेवर विज्ञानाशी शेवटची पद्धतशीर गाठ पडली ती दहावीच्या परीक्षेत, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी. अध्यापक विद्यालयात परिसर अभ्यास कसा शिकवावा हे सांगितले जाते. मुळातले विज्ञान पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यायला तिथे फारसा वेळ मिळत नाही. असा शिक्षक परिसर अभ्यासाचे पुस्तक हातात घेऊन वर्गात उभा राहतो आणि समोरची दहा वर्षांची मुले विचारतात, ‘गुरुजी, आकाश निळेच का?’

प्राथमिक शिक्षकाच्या पात्रतेची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा भरती, वेतनश्रेणी आणि सेवाज्येष्ठता यांच्या अंगाने होते. ते प्रश्न खरे आहेत. मात्र त्या गर्दीत विज्ञानाची पात्रता म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मागे राहिला आहे आणि तो शिक्षकांनी व अध्यापकाचार्यांनीच पुढे आणायला हवा.

नियम काय सांगतात ते पाहू. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेत पहिली ते पाचवीसाठी किमान अर्हता ठरवली: बारावीला ५० टक्के गुण आणि दोन वर्षांची पदविका. बारावीची शाखा कोणती असावी, याची अट नाही. सहावी ते आठवीसाठी पदवी लागते. तिथे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाने विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक असावा असे सांगून विषयाची दखल तरी घेतली. पहिली ते पाचवीला तीही नाही.

टीईटीने ही उणीव भरून निघेल अशी अनेकांची समजूत आहे. पहिल्या पेपरात १५० पैकी परिसर अभ्यासाला ३० गुण असतात आणि त्या तिसांतच इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल व विज्ञान सामावलेले असते. उत्तीर्ण व्हायला खुल्या प्रवर्गात ९० गुण लागतात, विषयवार किमान गुणांची अट नाही. म्हणजे परिसर अभ्यासात शून्य मिळाले तरी उरलेल्या १२० पैकी ९० मिळवणारा उमेदवार पात्र ठरतो. असे प्रत्यक्षात क्वचितच घडेल. तरी पात्रता परीक्षेला पाचवीचा शिक्षक विज्ञानात कच्चा असलेला चालतो, ही गोष्ट त्या रचनेतच लिहिलेली आहे.

इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षक होऊ पाहणाऱ्याला सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेत इंग्रजी आणि गणिताबरोबर विज्ञानातही ठरावीक श्रेणी मिळवावी लागते. अट साधी आणि शाळेच्याच पातळीची आहे, पण विज्ञान हा प्राथमिक शिक्षकाचा गाभ्याचा विषय आहे हे तिथल्या व्यवस्थेने त्या निमित्ताने मान्य केले.

ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बी.एड.धारक पहिली ते पाचवीला शिकवण्यास पात्र नाहीत, असा निकाल दिला. लहान मुलांना शिकवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते पदविकेच्या प्रशिक्षणातून येते, ही त्यामागची भूमिका योग्यच आहे. पण त्या निकालाने बी.एस्सी., बी.एड. झालेल्यांचा पहिली ते पाचवीच्या वर्गाकडे जाणारा रस्ता बंद झाला आणि या पाच इयत्तांतल्या विज्ञानाचा जवळजवळ सगळा भार डी.एल.एड.वर आला. तो पेलण्याइतका त्या अभ्यासक्रमातला विज्ञानाचा भाग मजबूत झाला आहे का, हे अध्यापक विद्यालयांनी स्वतःला विचारावे.

मग प्राथमिक शाळेत विज्ञानाचे वेगळे शिक्षक नेमावेत का? सूचना अधूनमधून येते आणि ऐकायला बरी वाटते. पण शिक्षण हक्क कायद्याच्या प्रमाणानुसार पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक असतात. द्विशिक्षकी शाळेत पाच इयत्ता आणि सगळे विषय ते दोघे वाटून घेतात, शिवाय पोषण आहाराची नोंदवही, सर्वेक्षणे आणि निवडणुकीचे काम असतेच. डोंगराळ तालुक्यातल्या अशा शाळेला विज्ञानाचा तिसरा शिक्षक कधीच मिळणार नाही. तिथे विज्ञान शिकवणार ते आज वर्गात असलेले शिक्षकच. म्हणून थोड्या तज्ज्ञांची सोय करून भागणार नाही. प्रत्येक प्राथमिक शिक्षकाला पुरेसे विज्ञान यायला हवे.

पुरेसे म्हणजे किती, हे एका उदाहरणाने पाहू. पाचवीच्या वर्गात कोणीतरी विचारते की गार पाण्याच्या स्टीलच्या पेल्यावर बाहेरून थेंब येतात, ते कुठून? मुलांनी घरी माठ पाहिलेला असतो, तो बाहेरून ओला असतो. त्यामुळे ‘आतले पाणी झिरपते’ हे उत्तर लगेच येते आणि माठाच्या बाबतीत ते बरोबरही असते. विज्ञानाशी दहावीनंतर संबंध न आलेला शिक्षक इथे अडखळेल किंवा मान डोलावेल. पदवीधर शिक्षक कदाचित ‘हवेतील बाष्पाचे संघनन’ असे सांगून फळ्यावर व्याख्या लिहील. उत्तर बरोबर, पण स्टीलमधून पाणी झिरपत नाही हे मुलांच्या मनाला पटलेले नसते.

तिसरी वाट अशी: पेल्यातल्या पाण्यात कुंकू किंवा शाई कालवायची आणि बाहेरचे थेंब पांढऱ्या रुमालावर टिपायचे. रुमाल रंगत नाही. मग दुसरा रिकामा पेला बर्फात ठेवून गार करायचा, बाहेर काढायचा, कोरडा पुसायचा आणि थांबायचे. आत पाणी नसतानाही बाहेर दव धरते. तराजू असेल तर झाकण लावलेला गार पेला थेंब जमण्यापूर्वी आणि नंतर तोलायचा, वजन किंचित वाढलेले दिसते. झिरपत असते तर ते वाढले नसते. आता मुले स्वतःच म्हणू लागतात की पाणी बाहेरून आले. मग पुढचा प्रश्न येतो: विदर्भात मे महिन्याच्या कोरड्या दुपारी पेल्यावर थेंब कमी का जमतात आणि कोकणात पेला क्षणात ओला का होतो? आणि त्याच विदर्भात माठातले पाणी अधिक गार, कोकणात तेवढे का नाही? दोन्हींचे उत्तर हवेतल्या बाष्पात आहे. कोरड्या हवेत माठाच्या अंगावरचे पाणी झपाट्याने उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते.

या तासाला प्रयोगशाळा लागत नाही आणि बी.एस्सी.चे पुस्तकही लागत नाही. पण शिक्षकाने हे एकदा तरी स्वतःच्या हाताने केलेले असावे लागते आणि बाष्पीभवन-संघननाची कल्पना इतकी स्वच्छ असावी लागते की मुलांचा अनपेक्षित प्रश्न आला तरी पाय घसरू नये. प्राथमिक शिक्षकाची विज्ञानातली पात्रता ती हीच. कागदावरची पदवी तिची खात्री देत नाही. १९८७ मध्ये अमेरिकेत ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ नावाचा माहितीपट निघाला. हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात तेवीस जणांना विचारले होते की ऋतू का बदलतात किंवा चंद्राच्या कला कशामुळे दिसतात. पदवीधर, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक यांतल्या एकवीस जणांची उत्तरे चुकली.

पण याचा अर्थ ज्ञान नसले तरी चालते असा काढणे धोक्याचे आहे. विन हार्लेन आणि कॉलिन होलरॉइड यांनी नव्वदच्या दशकात स्कॉटलंडमधल्या प्राथमिक शिक्षकांचा अभ्यास केला. विज्ञानाबद्दल आत्मविश्वास नसलेले शिक्षक काय करतात, हे त्यांनी नोंदवले: नको तो भाग कमीत कमी शिकवायचा, भौतिकशास्त्र टाळून झाडे-प्राणी यांवर वेळ द्यायचा, पुस्तक आणि कृतिपत्रिकेला धरून राहायचे, प्रश्न आणि चर्चा कमी ठेवायची, बिघडू शकेल असे साहित्य हाती घ्यायचेच नाही. आपल्या केंद्रातल्या शाळा डोळ्यांसमोर आणल्या तर यातले काय काय ओळखीचे वाटते, हे केंद्रप्रमुखांना सांगावे लागणार नाही. विज्ञान पेटीचे कुलूप वर्षभर न उघडण्यामागे आळसापेक्षा ही भीती अधिक असते.

ही भीती घालवता येते आणि ते आपल्या शेजारीच करून दाखवले गेले आहे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ माध्यमिक शाळांत, म्हणजे आपल्या भाषेत उच्च प्राथमिक शाळांत, किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर, रसूलिया या संस्थांनी विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पोहोचला, पुढे एकलव्य संस्थेने तो सांभाळला. तिथले कितीतरी शिक्षक महाविद्यालयात विज्ञान शिकलेले नव्हते. उन्हाळी प्रशिक्षणात ते तीन-तीन आठवडे मुलांसाठीचे प्रयोग स्वतः करत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर जमिनीवर बसून तेच प्रयोग करत आणि वाद घालत. पण एका प्रशिक्षणावर काम थांबत नसे. दर महिन्याला शिक्षक एकत्र येत, वर्गात काय फसले ते सांगत आणि त्या अनुभवातून ‘बाल वैज्ञानिक’ ही पुस्तके बदलली जात. परीक्षाही पुस्तक उघडे ठेवून आणि प्रात्यक्षिकासह होई. २००२ मध्ये सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तोवर तीस वर्षे साध्या सरकारी शिक्षकांनी तो चालवून दाखवला होता.

महाराष्ट्रात यासाठी लागणारे बरेच काही उभे आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून याच प्रश्नावर काम करते आणि त्याची प्राथमिक वर्गांसाठीची ‘स्मॉल सायन्स’ ही पुस्तके कृतीतूनच पुढे जातात. अरविंद गुप्ता यांची काडेपेटीच्या काड्यांची आणि टाकाऊ वस्तूंची खेळणी पुण्याच्या ‘आयुका’तल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून गावोगावी गेली. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहेत, केंद्राकेंद्राला शिक्षण परिषद भरते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५० तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण सांगितले आहे. यातले दहा तास जरी हाताने प्रयोग करण्याला दिले, तरी पाच वर्षांत शिक्षकाचे दहावीनंतर सुटलेले विज्ञान भरून निघायला सुरुवात होईल. ध्वनिचित्रफीत पाहून आणि शेवटी बहुपर्यायी चाचणी देऊन ते तास मोजले गेले, तर मात्र प्रमाणपत्र मिळेल आणि पेटीचे कुलूप तसेच राहील.

सेवेत असलेल्या शिक्षकांची एक अडचण वेगळी सांगायला हवी. नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून बी.ए. होता येते. बी.एस्सी.साठी प्रयोगशाळेत हजेरी लागते आणि तालुक्याच्या टोकाला नोकरी करणाऱ्याला ती जमत नाही. म्हणून विज्ञानाची आवड असलेले अनेक शिक्षकही कला शाखेचे पदवीधर होतात आणि सहावी ते आठवीच्या विज्ञानाच्या जागेसाठी अपात्र ठरतात. सुट्टीच्या काळात प्रात्यक्षिके घेणारा, सेवेतल्या शिक्षकांसाठीचा विज्ञान पदवी अभ्यासक्रम राज्याने सुरू करणे ही अवाजवी मागणी नाही. होशंगाबादमध्ये उन्हाळी सुट्टीचा उपयोग असाच झाला होता.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होण्यास सांगितले. अनुभवी शिक्षकांच्या मनात त्याबद्दल चिंता आणि राग दोन्ही आहे आणि तो समजण्यासारखा आहे. तयारीचे गट आता बसतीलच. त्या गटांनी प्रश्नसंच सोडवताना आठवड्यातली एक बैठक पेला, दोरी, आरसा आणि मेणबत्ती घेऊन करावी. केंद्रप्रमुखांनीही जूनच्या शिक्षण परिषदेत परिपत्रकांचे वाचन आटोपते घेऊन एक काठी अंगणात रोवावी. बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो असे आपण सर्रास सांगतो. महाराष्ट्रात तो बरोबर डोक्यावर वर्षातून दोनच दिवस येतो आणि शाळा उघडते त्या सुमारास, ढग नसतील तर, मध्यान्हीची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेकडे पडते. ती का पडते, यावर जमलेल्या शिक्षकांनी तासभर वाद घालावा आणि उत्तर काढूनच उठावे.